निर्व्यसनी माणसाचे यकृत



वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत यकृतासारखा विषय घेऊन येणारा वक्ता थोडा अरसिकच म्हटला पाहिजे. या व्यासपीठावरून काव्य ऐकावे, इतिहास ऐकावा, राजकारणावरची चार झणझणीत वाक्ये ऐकावीत आणि घरी जाऊन आमरसाच्या ताटावर बसावे, हा आपला शिरस्ता. त्या ताटाच्या आधीच मी यकृताची गोष्ट काढणार म्हणजे श्रोत्यांची थोडी गैरसोयच होणार. परंतु विषय असा आहे की तो या सभागृहात बसलेल्या पुष्कळ मंडळींच्या पोटातच आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नाही. म्हणून ही आगळीक पोटात घालावी, अशी विनंती करून मी विषयाकडे वळतो.

प्रथम या अवयवाची थोडी ओळख करून घेऊ. आपण म्हणतो, ‘काळजाचे पाणी झाले’, ‘काळजावर दगड ठेवला’. तेव्हा आपला हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. पण मटणाच्या दुकानात जाऊन ‘कलेजी’ मागा. दुकानदार आपल्याला हृदय देत नाही, यकृत देतो. काळीज आणि कलेजी हे शब्द एकाच घरातले. दुकानदाराने शब्दाचा जुना अर्थ सांभाळला, आपण तो शब्द हृदयाकडे सरकवला आणि यकृताला विसरलो. आपल्या विस्मरणाची सुरुवात अशी भाषेपासूनच झालेली आहे.

उजव्या बरगड्यांच्या आडोशाला बसलेला हा सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाचा अवयव. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. आतड्यात पचलेले अन्न रक्तातून प्रथम त्याच्याकडे येते. साखर किती साठवायची, किती सोडायची हे तो ठरवतो. पित्त तयार करतो. जखम झाली असता रक्त गोठवणारी द्रव्ये बनवतो. औषधे आणि विषारी पदार्थ निकामी करतो. एकत्र कुटुंबातल्या कोठीघराची किल्ली जिच्या कमरेला असे, त्या थोरल्या बाईसारखे हे काम आहे. घरात काय आले, काय गेले, कोणाला किती द्यायचे, सारे तिच्या हातात. आणि तिच्याप्रमाणेच हा अवयवही तक्रार करीत नाही. यकृताच्या आत वेदना जाणवण्याची सोय जवळजवळ नाही; त्याच्या बाहेरच्या आवरणाला ताण बसला तरच थोडेसे जाणवते. तात्पर्य, ‘मला काही दुखत नाही, म्हणजे माझे यकृत चांगले’ हे अनुमान चुकीचे आहे.

आता मूळ प्रश्न. यकृताच्या पेशींत थोडासा मेद असणे स्वाभाविक आहे. शंभरातल्या पाचांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब दिसू लागले म्हणजे त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. सोनोग्राफीच्या कागदावर आपण जे ‘फॅटी लिव्हर’ वाचतो, ते हेच. या दुखण्याचे आपल्या समाजात विलक्षण हाल झाले आहेत, आणि त्याचे कारण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १८३६ साली लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलातील थॉमस ॲडिसन या वैद्याने मद्यप्यांच्या यकृतात साठणाऱ्या मेदाचे वर्णन केले. तेव्हापासून दारू आणि खराब यकृत अशी जोडी वैद्यांच्या आणि लोकांच्याही मनात घट्ट बसली. ती खोटी नाही. दारू यकृताचा नाश करते, यात कसलीही शंका नको. पण मनात नकळत त्याचे उलट विधानही बसले: जो पीत नाही, त्याचे यकृत निर्धोक.

हा समज पुसायला वैद्यकाला दीडशे वर्षे लागावीत हे नवल आहे. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर हुबेहूब मद्यप्याच्या यकृतासारखा दिसे. तोच मेद, तीच सूज, काहींत तसेच व्रणही. आणि हे लोक दारू पिणारे नव्हते. बहुतेक जण स्थूल होते, कित्येकांना मधुमेह होता. रोगी म्हणतो मी पीत नाही, डॉक्टरचा विश्वास बसत नाही आणि दोघांत अवघड संभाषण होते, याचाही उल्लेख त्या लेखात आहे. लुडविग यांनी या दुखण्याला जे नाव दिले त्यात ‘मद्याशिवाय झालेले’ असा शब्द होता. २०२३ साली जगातल्या यकृततज्ज्ञांच्या संस्थांनी तो शब्दही काढून टाकला आणि शरीरातल्या अन्नव्यवहाराच्या, म्हणजे चयापचयाच्या, बिघाडाशी हे दुखणे जोडून नवे नाव दिले. नाव बदलल्याने रोग बरा होत नाही हे खरे. पण रोग्याच्या कपाळावरचा शिक्का पुसला जातो, हेही थोडके नाही.

हा शिक्का आपल्याकडे किती जड आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. चाळिशीतला एखादा गृहस्थ विम्याच्या निमित्ताने तपासणी करून घेतो. कागदावर ‘फॅटी लिव्हर’ येते. हा गृहस्थ सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. पण तो कागद घरी दाखवायचा कसा? सासरेबुवा काय म्हणतील? कचेरीतली मंडळी ‘काय साहेब, छुपे रुस्तम निघालात’ म्हणून हसतील. मग तो कागद कपाटात कपड्यांखाली जातो. दुसरा एक प्रकार याच्या अगदी उलट. तो म्हणतो, ‘डॉक्टर, मला विडीकाडीचे व्यसन नाही, दारूला स्पर्श नाही, माळकरी माणूस मी. यंत्रच चुकले असेल.’ एक लाजेने गप्प बसतो, दुसरा अभिमानाने गप्प बसतो. आणि दोघांच्या यकृतातला मेद वाढत राहतो. निर्व्यसनीपणा हा फार मोठा गुण आहे. पण यकृत आपले चारित्र्य तपासत नाही. ते फक्त आवक-जावक मोजते.

ही आवक-जावक कशी चालते ते पाहू. युरोपात बदकांना आणि हंसजातीच्या पक्ष्यांना मुद्दाम मक्याचे दाणे कोंबून भरवतात आणि त्यांचे सुजलेले, मेदाने भरलेले यकृत चवीने खातात. प्राचीन रोमन लोक याच कामासाठी अंजिरे वापरीत. इतकी, की लॅटिनमधल्या अंजिराच्या शब्दावरूनच इटालियन आणि स्पॅनिश भाषांत यकृताला शब्द मिळाला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या पक्ष्याला कोणी लोणी भरवीत नाही. अंजीर म्हणजे साखर, मका म्हणजे पिष्ट. साखर आणि पिष्ट गरजेपेक्षा जास्त पोटात गेले की यकृत स्वतःच त्यांचा मेद तयार करते.

माणसाचेही असेच आहे. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण फार काटेकोर प्रयोगात यकृतातल्या मेदाचा उगम शोधला गेला. त्यातला सुमारे ५९ टक्के मेद शरीरातल्या चरबीतून सुटून रक्तावाटे आलेला होता. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवलेला होता. आणि जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेला अवघा १५ टक्के होता. म्हणून ‘मी तूप बंद केले आहे’ असे सांगून जो दिवसातून पाच वेळा चहा पितो, त्याने केवळ मागचे दार लावून घेतले. पुढचे उघडेच आहे. कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांची चाळीस-पन्नास ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेसाठी जी इष्ट मर्यादा सुचवली, ती साधारण माणसाला दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम. नुसत्या चहातच तिच्या दुप्पट झाली. पाव, बिस्किटे आणि लग्नसराईतली जिलबी अजून हिशेबात धरलीच नाही.

आपण म्हणाल, आमचे आजोबा चहा गुळाचा पीत, चार-चार भाकऱ्या खात, त्यांना हे का झाले नाही? हा प्रश्न योग्य आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. आजोबांची भाकरी नांगराच्या मागे जिरत होती. शरीरात साखर ठेवण्याची दोन कोठारे आहेत. एक यकृत, तेथे जेमतेम शंभर ग्रॅम मावते. दुसरे स्नायू, तेथे त्याच्या चौपट. पण स्नायूंचे कोठार रिकामे झाले तरच नवा माल आत घेते, आणि ते रिकामे होते फक्त कष्टाने. दिवसभर खुर्चीवर बसलेल्या माणसाचे हे कोठार भरलेलेच असते. दुपारच्या जेवणातली साखर त्याच्या दारावरून परत फिरते आणि यकृताकडे जाते; यकृत तिचा मेद करते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २०११ साली या गोष्टीची परीक्षा झाली. ज्यांचे स्नायू साखर नीट घेत नाहीत अशा तरुणांना एकदाच पंचेचाळीस मिनिटे व्यायाम करायला लावला आणि मग जेवण दिले. त्या जेवणानंतर यकृतात तयार होणारा मेद सुमारे तीस टक्क्यांनी घटला. एकदाच केलेल्या व्यायामाचे हे फळ.

आता आपल्या शहरातल्या मिळवत्या पुरुषाकडे पाहा. त्याला आपण ‘कष्ट करणारा’ म्हणतो, आणि तो थकतोही. परंतु त्याचे कष्ट कोणत्या अवयवाचे आहेत? ट्रकचा चालक दिवसाचे दहा-बारा तास एका बैठकीवर असतो. किराणा दुकानदार सकाळी आठला गल्ल्यावर बसतो तो रात्री नऊला उठतो. बँकेतला कारकून, वकील, संगणकावर काम करणारा अभियंता, रिक्षावाला, रात्रीचा पहारेकरी, सर्वांचे काम म्हणजे बसणे. शेतकऱ्याच्या मुलानेही आता ट्रॅक्टरवर बसकण मारली आहे. डोळे शिणतात, पाठ शिणते, मन तर फारच शिणते. शरीराचे मोठे स्नायू मात्र सुट्टीवर असतात. आणि थकलेले मन खायला मागते. थकवा आणि कष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या भाषेला अजून नीट उमगलेले नाही.

बसण्याचा आणि रोगाचा संबंध प्रथम दाखवला तो लंडनच्या बसगाड्यांनी. तेथील जेरी मॉरिस या वैद्याने लंडनच्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१,००० पुरुषांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दुमजली बस, तिच्यात दोन माणसे. एकाच संस्थेचे नोकर, साधारण एकाच थरातले. चालक बसून असे. कंडक्टर दिवसातून शेकडो पायऱ्या चढे-उतरे. हृदयविकार चालकांत अधिक आणि अधिक घातक आढळला. पुढे १९५६ मध्ये याच मंडळींनी दोघांच्या गणवेशाच्या विजारींची मापे काढली. प्रत्येक वयोगटात चालकाची कंबर मोठी. शिंप्याच्या वहीत रोगाचे बीज सापडावे, ही वैद्यकातली एक गमतीदार पण बोधप्रद घटना आहे. त्या काळी यकृताकडे कोणाचे लक्ष नव्हते. आज ते गेले आहे. दक्षिण कोरियात आरोग्यतपासणीला आलेल्या १,३९,००० हून अधिक लोकांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. जे दिवसातून दहा तास किंवा अधिक बसत, त्यांच्यात मेदयुक्त यकृताचे प्रमाण पाच तासांहून कमी बसणाऱ्यांपेक्षा नऊ टक्क्यांनी जास्त होते. आणि हा फरक सडपातळ लोकांतही दिसला. नऊ टक्के हा आकडा लहान वाटेल, पण बसणे हे एकटे येत नाही. त्याच्याबरोबर अवेळी जेवण येते, अपुरी झोप येते, रात्रपाळी येते, टेबलाशी आलेला वडा-समोसा येतो.

हे सारे एकत्र आले की काय होते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातले आहे. हैदराबादेत संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या ३४५ जणांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत सुमारे ८४ टक्के लोकांच्या यकृतात मेद वाढलेला आढळला, ७१ टक्के स्थूल होते. हा एका शहरातला, तपासणीला आलेल्या थोड्या लोकांचा आकडा आहे. तो साऱ्या धंद्याला लावू नये. पण तो वाचल्यावर हिंजवडीच्या वाटेवर रोज तासभर गाडीत अडकून पडणाऱ्या आपल्या मुलाचा, जावयाचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी देशातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०२२ साली जो अंदाज मांडला, तोही प्रौढांत सुमारे ३८ टक्क्यांचा आहे. दहांत चार म्हणजे या सभागृहातल्या एका रांगेत किती, हा हिशेब आपणच करावा.

येथे काही सडपातळ मंडळी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकत असतील. त्यांच्यासाठी एक वार्ता पुण्याचीच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. देहभारांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला दोघे सारखे, आतून एक दुप्पट मेदाचा. याची मुळे आईच्या पोटातच आहेत, असे पुण्याजवळच्या खेड्यांतून १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले. आपले नवजात बालक सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडातले साडेतीन किलोचे; आपल्या बालकाचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली.

असे समजा की कातडीखालची चरबी ही घरातली कणगी आहे. कणगी मोठी असेल तर धान्य पुष्कळ मावते. कणगी लहान असेल तर ते ओसरीवर, माजघरात आणि शेवटी देवघरातही रचावे लागते. आपली कणगी लहान. म्हणून थोडे वजन वाढले तरी मेद यकृतात उतरतो. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत १,९११ लोकांची जी तपासणी झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मेदयुक्त यकृत असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक असे होते, की ज्यांचे वजनही जास्त नव्हते आणि पोटही सुटलेले नव्हते. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र गोल, ही मूर्ती आपल्या ओळखीची आहे. पण मूर्ती तशी नसली तरीही गाफील राहू नये, एवढाच याचा अर्थ.

एवढी भीती बाळगण्यासारखे या मेदात आहे तरी काय? खरे सांगायचे तर बहुतेकांच्या यकृतात तो वर्षानुवर्षे नुसता पडून राहतो. पण काहींच्या यकृतात सूज येते, सुजेतून व्रण पडतात, व्रणांचे जाळे घट्ट झाले म्हणजे यकृत आक्रसते. त्याला सिऱ्होसिस म्हणतात. पुढे जलोदर, रक्ताची उलटी, कधी कर्करोगही. ही वाट लांबची आहे. नुसता मेद असलेल्यात व्रणाची एक पायरी चढायला सरासरी चौदा वर्षे लागतात. सूज असलेल्यात सात वर्षे. म्हणजे पस्तिशीत सुरू झालेले दुखणे मुलगी लग्नाची होईपर्यंत, घराचे कर्ज फिटेपर्यंत तोंड दाखवीत नाही, आणि नेमके निवृत्तीच्या सुमारास दारात उभे राहते. शिवाय यकृतातला मेद हा मधुमेहाचा सख्खा भाऊ आहे, आणि या रोग्यांतले सर्वाधिक मृत्यू यकृताने होत नाहीत, हृदयविकाराने होतात. घरातला एकटा मिळवता पुरुष पंचेचाळिशीत जातो, तेव्हा आपण ‘अचानक गेला’ म्हणतो. त्यातले अचानक फार थोडे असते.

मग ओळखावे कसे? सर्वांत स्वस्त उपकरण म्हणजे शिंप्याची फीत. बरगडीचा खालचा काठ आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. भारतीय पुरुषाचे ते ९० सेंटिमीटरच्या, स्त्रीचे ८० सेंटिमीटरच्या आत असावे. पँटचा नंबर सांगू नये. पोट सुटलेला मनुष्य पँट पोटाच्या खाली बांधतो आणि वीस वर्षे तोच नंबर सांगतो. त्याबरोबर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातले मेद तपासावेत. यांतले काही बिघडलेले असेल तर सोनोग्राफी करावी. एक सावधगिरीची सूचना: एस.जी.पी.टी. ही यकृताची रक्ततपासणी चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नये. मेद असूनही ती पुष्कळदा चांगली येते. मेद आढळला तर खरा प्रश्न ‘व्रण पडले आहेत का’ हा. त्याचा प्राथमिक अंदाज वय, एस.जी.ओ.टी., एस.जी.पी.टी. आणि रक्तातल्या प्लेटलेटची संख्या या चार आकड्यांवरून डॉक्टर कागदावर काढू शकतात. त्याला वेगळा खर्च नाही. हा हिशेब आपल्या डॉक्टरांकडे मागून घ्यावा. शंका आली तर पुढची तपासणी आहे.

आता उपाय. येथे मला आनंदाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी आज आलो आहे. यकृतासारखा क्षमाशील अवयव दुसरा नाही. क्यूबा देशात अशा २९३ रोग्यांना वर्षभर आहार आणि चालण्याचे मार्गदर्शन करून यकृताची पुन्हा तपासणी केली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी आपले वजन शेकडा दहा किंवा अधिक कमी केले, त्यांच्यापैकी शेकडा नव्वदांची सूज गेली, आणि शेकडा पंचेचाळिसांचे व्रणही कमी झाले. ऐंशी किलोच्या माणसाचे आठ किलो. मात्र त्याच अभ्यासात निम्मे अंतर, म्हणजे शेकडा पाच, गाठणारेही तिघांत एकाहून कमी होते. उपाय साधा आहे. सोपा मात्र नाही. सडपातळ माणसाला तर आणखी थोडक्यात गुण येतो. हाँगकाँगमधल्या अनुभवात अशा रोग्यांचे वजन तीन ते पाच टक्क्यांनी उतरले, तेव्हा निम्म्यांचे यकृत स्वच्छ झाले.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. चहातली साखर आठवड्याआठवड्याने अर्धा चमचा कमी करत जावी. जीभ महिन्याभरात विसरते. बाटलीतली शीतपेये आणि डब्यातले फळांचे रस घरात आणू नयेत. ताटात भात, पोळी आणि बटाट्याची भाजी अशी तीन पिष्टे एकत्र आली तर एकाला रजा द्यावी आणि तिची जागा उसळीला, डाळीला, पालेभाजीला, ताकाला द्यावी. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घ्यावे. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शिकरण, असा जो आपला ‘एकादशी दुप्पट खाशी’ कार्यक्रम असतो, त्याने देव प्रसन्न होत असेल, यकृत होत नाही. आंबा खावा; दोन वाट्या आमरसात सहा पुऱ्या बुडवून मग दुपारी झोपू नये. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे घाम येईल असे चालावे, आणि दोन दिवस उठाबशा, जोर यांसारखा स्नायूंचा व्यायाम करावा. वजन उतरले नाही तरी व्यायामाने यकृतातला मेद उतरतो, म्हणून काटा हलत नाही या सबबीवर व्यायाम सोडू नये. दर तासाला खुर्चीवरून उठावे. आणि जे घेतात त्यांनी दारू बंद करावी. मेद साठलेल्या यकृताला थोडी दारूही परवडत नाही.

औषधांचे विचाराल, तर अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरोम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड या औषधांना व्रण पडू लागलेल्या रोग्यांसाठी मान्यता मिळाली. ती तज्ज्ञाच्या हातची औषधे आहेत, आहार आणि व्यायामाच्या जोडीने द्यायची. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटलीने हा मेद जातो असे सिद्ध झालेले नाही, उलट बाटली घेतल्याच्या समाधानात चालायचे राहून जाते.

शेवटी एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. या दुखण्याचा सारा बोजा त्या एकट्या पुरुषाच्या इच्छाशक्तीवर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. बारा तास गल्ल्यावर बसणाऱ्याला, दोन पाळ्या सलग करणाऱ्या चालकाला ‘सकाळी फिरायला जा’ म्हणणे सोपे आहे. तो जाणार कोणत्या वेळी, आणि कोणत्या रस्त्याने? नगरपालिकेने पदपथ चालण्याजोगे ठेवावेत आणि मैदाने मैदानेच राहू द्यावीत. कारखानदारांनी आणि कचेऱ्यांच्या चालकांनी उपाहारगृहात तळणीच्या शेजारी मोडाची उसळ ठेवावी, जिना उजेडाचा ठेवावा, रात्रपाळीच्या माणसाची वर्षातून एकदा कंबर आणि साखर तपासावी. भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे दुखणे असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. त्यामुळे आशा कार्यकर्ती फीत घेऊन दारात आली तर तिला हसण्यावारी नेऊ नका. ती लाखमोलाचे काम करीत आहे. आणि घरच्या मंडळींनो, आपल्याकडे प्रेम आग्रहाने वाढून दाखवण्याची रीत आहे. ती रीत मोडू नका, पदार्थ तेवढा बदला. आग्रह कोशिंबिरीचाही करता येतो.

कपाटातल्या कपड्यांखाली ज्यांनी कागद ठेवला आहे, त्यांनी तो आज रात्री बाहेर काढावा आणि घरात उघडपणे दाखवावा. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. आणि अजून वेळ गेलेली नाही.